जुना संगणक, नवा संगणक आणि मधली मदतपुस्तिका

विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत संगणक बदलण्याचा विषय वारंवार येऊ लागला. या वेळी निवडलेल्या पत्रांचा रोख मात्र थोडा वेगळा आहे. ब्राउझरच्या व ई-मेलच्या सेटिंग्ज नव्या संगणकावर कशा न्याव्यात, हे या वाचकांना बरेचसे ठाऊक आहे. ते दुसऱ्याला लिहून किंवा सांगून कसे कळवावे, ही त्यांची अडचण आहे.

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड हा ई-मेलचा प्रोग्राम अनेक वर्षे वापरात आहे. संगणक बदलताना प्रत्येकाला आपल्या सेटिंग्ज स्वतः नेता याव्यात म्हणून मी इंग्रजी मदतपानांच्या आधारे चार पानांची मराठी पुस्तिका तयार केली. तिच्यात चूक नाही, याची मी खात्री करून घेतली होती. तरीही सहा जणांपैकी चौघे अडकले. एकाचे बुकमार्क आले, पण पासवर्ड आले नाहीत. दुसऱ्याला नव्या संगणकावर सारे कोरेच दिसले. लेखापालबाईंचे जुने मेल दुप्पट झाले. चौथ्याचे तर जुन्या संगणकावरचेही गेले. पुस्तिका सोबत जोडली आहे. तिच्यात काय सुधारावे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपली पुस्तिका दोनदा वाचली. भाषा स्वच्छ आहे, मुद्रितशोधन उत्तम आहे, आणि तरीही चारपैकी दोन अपघातांची बीजे मला पहिल्याच पानावरील एका वाक्यात सापडली. ते वाक्य असे : ‘पायरी ३ : प्रोफाइल फोल्डर शोधा व तो नव्या संगणकावर योग्य ठिकाणी हलवा.’ ज्याला हे काम येते त्याला हे वाक्य पुरते, आणि ज्याला येत नाही त्याला त्यातून काहीच मिळत नाही. मदतपुस्तिका तर दुसऱ्यासाठीच असते.

शेवटच्या शब्दापासून सुरुवात करतो. ‘हलवा’ म्हटल्यावर संक्रांत आठवते हे सोडून देऊ, परंतु संगणकाच्या संदर्भात हा शब्द खरोखरच धोक्याचा आहे. फोल्डर हलवायचा म्हणजे तो ‘कट’ करायचा आणि दुसरीकडे ‘पेस्ट’ करायचा, असाच अर्थ आपले चौथे सहकारी घेणार, आणि त्यात त्यांचा दोष नाही. कट केलेल्या फाइली पेनड्राइव्हवर पोहोचता पोहोचता मूळ जागेवरून नाहीशा होतात. त्यानंतर पेनड्राइव्ह बिघडला, घाईने उपसला गेला किंवा नव्या संगणकावर काही चुकले, तर परत जाण्यासाठी काही उरत नाही. इंग्रजी मदतपानांच्या मथळ्यात ‘मूव्ह’ असले, तरी प्रत्यक्षात करायची असते ती कॉपी. कार्यालयात ‘नक्कल करा’ असे कोणी म्हणत नाही, ‘कॉपी करा’ असेच म्हणतात, तेव्हा पुस्तिकेतही तोच शब्द ठेवावा; आणि पहिल्या पानावर, चौकटीत, असे छापावे की जुन्या संगणकावरून काहीही पुसायचे नाही व नवा संगणक सुरळीत चालू झाल्यावरही जुना निदान महिनाभर तसाच ठेवायचा आहे.

‘योग्य ठिकाणी’ या शब्दांनी आपल्या दुसऱ्या सहकाऱ्याला कोरा पडदा दाखवला. नव्या संगणकावर फायरफॉक्स पहिल्यांदा उघडताच तो स्वतःसाठी एक नवा फोल्डर तयार करतो. त्याच्या नावाच्या सुरुवातीला आठ अक्षर-अंकांचे अर्थहीन मिश्रण असते आणि पुढे ‘डिफॉल्ट-रिलीज’ असे शब्द असतात. कोणता फोल्डर वापरायचा, याची नोंद तो ‘प्रोफाइल्स.आयएनआय’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये ठेवतो. आपल्या सहकाऱ्याने जुना फोल्डर नव्याच्या शेजारी नेऊन ठेवला असेल, तर तो तेथे आहे, पण नोंदीत नाही. घर बांधले, परंतु ग्रामपंचायतीच्या दप्तरी त्याचा पत्ता नाही, अशी ती स्थिती होते. त्यांनी जुना फोल्डर नव्याच्या पोटात ठेवला असेल, तरी परिणाम तोच, कारण प्रोग्राम वरच्या पातळीवरच्या फाइली वाचतो आणि आत कोणी एक पाहुणा फोल्डर येऊन राहिला आहे, याकडे ढुंकूनही पाहत नाही. यावर साधा उपाय असा की फोल्डर न्यायचा नाही, फोल्डरच्या आतला ऐवज न्यायचा. नव्या संगणकाने केलेला फोल्डर त्याच्या नावासह जागेवर राहू द्यायचा आणि जुन्या फोल्डरमधील सर्व काही त्याच्यात ओतायचे.

‘शोधा’ या शब्दाबद्दल थोडक्यात सांगतो. हा फोल्डर विंडोजमध्ये ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या फोल्डरखाली असतो आणि तो मुळातच लपवलेला असतो. लपवलेले फोल्डर दाखवण्याची सेटिंग कशी बदलावी, यावर आपण अर्धे पान खर्च केले आहे. त्याची गरजच नाही, कारण फायरफॉक्स व थंडरबर्ड दोन्ही तो फोल्डर स्वतः उघडून देतात. राहिला ‘प्रोफाइल’. हा शब्द ऐकल्यावर आपल्याकडे बहुतेकांना व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो आठवतो. एक ओळ त्यासाठी द्यावी : ‘आपले बुकमार्क, पासवर्ड, मेल आणि सेटिंग्ज प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये ठेवतो, त्याला प्रोफाइल म्हणतात.’ एवढे पुरे.

आता तीच पायरी मी कशी लिहिली असती, ते येथे देतो.

‘जुन्या संगणकावर फायरफॉक्स उघडा. वर उजव्या कोपऱ्यातील तीन आडव्या रेघांवर क्लिक करा. यादीत खाली “हेल्प” आहे. त्यात “मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन” निवडा. उघडलेल्या पानावरच्या पहिल्या तक्त्यात “प्रोफाइल फोल्डर” अशी ओळ दिसेल. तिच्यापुढचे “ओपन फोल्डर” हे बटण दाबा. एक विंडो उघडेल आणि तिच्यात “बुकमार्कबॅकअप्स” नावाचा फोल्डर दिसेल. तो दिसला, तर आपण बरोबर जागी आहात. तो दिसला नाही, तर येथेच थांबा आणि पान ४ पाहा. ही विंडो उघडीच ठेवून फायरफॉक्समध्ये परत या आणि तीन रेघांच्या यादीतील सर्वांत खालच्या “एक्झिट”ने तो पूर्ण बंद करा. आता उघड्या विंडोतील सर्व फाइली निवडा, कॉपी करा आणि पेनड्राइव्हवर “जुने फायरफॉक्स” नावाचा नवा फोल्डर करून त्यात पेस्ट करा.’

नव्या संगणकावरही हीच वाट चालायची आहे. फरक इतकाच की शेवटी कॉपीऐवजी पेस्ट करायचे आणि त्याच नावाच्या फाइली बदलायच्या का, असे विचारले गेल्यास ‘हो’ म्हणायचे. थंडरबर्डमध्ये ‘हेल्प’मधील नाव ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ असे आहे, बाकी वाट तीच. छापताना मेनूतील ही नावे स्क्रीनवर दिसतात तशीच, रोमन लिपीत छापावीत. आपण त्यांचे सुंदर मराठी भाषांतर केले आहे, पण ‘समस्यानिवारणविषयक अधिक माहिती’ हे शब्द आपल्या कार्यालयातील इंग्रजी मेनूवर कोणाला सापडणार?

माझी पायरी आपल्यापेक्षा कितीतरी लांब आहे, हे मला दिसते. पण मदतपुस्तिकेची लांबी ओळींवरून मोजू नये. वाचणारा किती वेळा थबकला, यावरून मोजावी. शिवाय या पायरीत दोन गोष्टी अशा आहेत, ज्या आपल्या चार पानांत कोठेच नाहीत : आपण बरोबर जागी पोहोचलो, हे कशावरून ओळखायचे, आणि नसलो तर काय करायचे.

प्रोग्राम पूर्ण बंद करण्याचा आग्रह का, हेही एका वाक्यात सांगितलेले बरे, कारण कारण कळले की माणूस पायरी गाळत नाही. फायरफॉक्स चालू असताना बुकमार्क व इतिहास यांच्या ताज्या नोंदी मुख्य फाइलच्या शेजारी एका तात्पुरत्या फाइलमध्ये असतात आणि नंतर मुख्य फाइलमध्ये मिसळल्या जातात. चालू प्रोग्रामची कॉपी केली, तर अर्धवट लिहिलेली वही उचलल्यासारखे होते. कोपऱ्यातील फुलीवर क्लिक केल्याने फक्त ती विंडो बंद होते. दुसरी विंडो मागे उघडी असली, तर प्रोग्राम चालूच राहतो.

पहिल्या सहकाऱ्याचे पासवर्ड का आले नाहीत, याचे उत्तर आपल्या तिसऱ्या पानावर आहे, आणि ‘चूक नाही’ या आपल्या खात्रीला तेथे तडा जातो. त्या पानावरील तक्त्यात पासवर्डसाठी ‘लॉगिन्स.जेसन’ व ‘की३.डीबी’ या दोन फाइली न्याव्यात, असे लिहिले आहे. पहिल्या फाइलमध्ये पासवर्ड कुलूपबंद स्वरूपात असतात आणि दुसरी ही त्या कुलपाची किल्ली असते, हे बरोबर. परंतु किल्लीची ती फाइल फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीपर्यंतच होती. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ५८ व्या आवृत्तीपासून तिची जागा ‘की४.डीबी’ने घेतली. गंमत अशी की जुन्या संगणकावर ती निकामी झालेली जुनी फाइलही बऱ्याचदा पडून असते, त्यामुळे आपल्या सहकाऱ्याला ती सापडली असणार, त्याने ती समाधानाने कॉपी केली असणार, आणि नव्या संगणकावर कुलूप आले पण किल्ली आली ती जुन्या दाराची. कोणत्याही मदतपुस्तिकेच्या माथ्यावर तारीख आणि ती ज्या आवृत्तीवर पडताळून पाहिली त्या आवृत्तीचा क्रमांक का असावा, याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. थंडरबर्डच्या पत्त्यांच्या वहीचेही असेच झाले आहे. २०२० साली आलेल्या ७८ व्या आवृत्तीपासून तिची फाइल वेगळ्या प्रकारची झाली, पण आपल्या तक्त्यात अजून जुनेच नाव आहे.

माझा सल्ला असा की तो तक्ता मुख्य पायऱ्यांतून काढून शेवटच्या पानावर, दुरुस्तीसाठी म्हणून ठेवावा. निवडक फाइली उचलणे हे जाणकाराचे काम आहे. ज्याला केवळ संगणक बदलायचा आहे, त्याने अख्खा ऐवज न्यावा.

लेखापालबाईंच्या मेलचे प्रकरण मला सर्वांत रोचक वाटले, कारण तेथे पुस्तिकेने त्यांना जो प्रश्न पहिल्यांदा विचारायला हवा होता, तो विचारलाच नाही. तो प्रश्न असा : आपले मेल राहतात कोठे? खाते ‘आयमॅप’ पद्धतीचे असेल, तर मेल सर्व्हरवर असतात आणि नव्या संगणकावर खाते जोडले की ते आपोआप दिसू लागतात. मग न्यायचे उरते ते पत्त्यांची वही, मेल वेगवेगळ्या फोल्डरांत टाकणारे नियम आणि ‘लोकल फोल्डर्स’मध्ये मुद्दाम उतरवून ठेवलेला जुना पत्रव्यवहार. खाते ‘पॉप’ पद्धतीचे असेल, तर मेल त्या संगणकावरच असतात आणि तेच मुख्य धन असते. बाईंचे खाते पॉप पद्धतीचे असून ‘मेलची प्रत सर्व्हरवर ठेवा’ ही खूण केलेली असावी, असा माझा तर्क आहे. कोणते मेल आधीच उतरवून घेतले आहेत, याची यादी थंडरबर्ड ‘पॉपस्टेट.डॅट’ नावाच्या फाइलमध्ये ठेवतो. बाईंनी नव्या संगणकावर खाते नव्याने उघडले असेल व जुन्या फोल्डरातून फक्त मेलच्या फाइली आणून टाकल्या असतील, तर ती यादी मागे राहिली, आणि थंडरबर्डने सर्व्हरवरचे सारे मेल पुन्हा एकदा निष्ठेने उतरवून घेतले. अख्खा ऐवज आला असता, तर ही यादी आली असती आणि खात्याची माहितीही आली असती, कारण खात्यांच्या सेटिंग्ज त्याच ऐवजातील ‘प्रेफ्स.जेएस’ या फाइलमध्ये असतात. तेव्हा थंडरबर्डच्या भागाची सुरुवात पायरीने करू नये, या प्रश्नाने करावी, आणि उत्तर खातेदाराला कोठे पाहायला मिळेल तेही सांगावे : ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये ‘सर्व्हर सेटिंग्ज’ उघडले की अगदी वर सर्व्हरचा प्रकार लिहिलेला असतो.

मेलच्या बाबतीत आणखी एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. काही वर्षांपूर्वी एका नातलगाचा थंडरबर्डचा ऐवज मी पेनड्राइव्हवर घेत होतो. कॉपी होताना मध्येच एक संदेश आला, मी तो न वाचता ‘स्किप’ दाबले आणि चहाला गेलो. नव्या संगणकावर पाठवलेले मेल होते, मसुदे होते, पत्ते होते. इनबॉक्स रिकामा होता. थंडरबर्ड सहसा एका मेल-फोल्डरमधील सर्व मेल एकाच फाइलमध्ये साठवतो. त्या गृहस्थांच्या इनबॉक्सची फाइल चार जीबीच्या पुढे गेली होती, आणि माझा पेनड्राइव्ह ‘फॅट३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेला असल्यामुळे चार जीबीपेक्षा मोठी एकही फाइल तो घेऊ शकत नव्हता. तो संदेश नेमके हेच सांगत होता. सुदैवाने मी जुन्या संगणकावरून काही पुसले नव्हते. आपल्या पुस्तिकेत पेनड्राइव्ह ‘एक्सफॅट’ पद्धतीचा असावा, एवढे तरी लिहावे. कॉपी करण्याआधी थंडरबर्डमध्ये ‘कॉम्पॅक्ट’ करून घ्यावे, हेही लिहावे, कारण आपण डिलीट केलेले मेल कॉम्पॅक्ट होईपर्यंत त्या फाइलमध्ये तसेच जागा अडवून बसलेले असतात. थंडरबर्डने २०२२ साली १०२ व्या आवृत्तीत ‘एक्स्पोर्ट’ची सोय दिली आहे आणि लहान ऐवजासाठी ती सर्वांत सोपी वाट आहे, दोन जीबीपेक्षा मोठा ऐवज मात्र तिच्यातून जात नाही, म्हणून कार्यालयातल्यांना हाताने कॉपी करण्याची वाट माहीत हवीच.

नव्या संगणकावरचा प्रोग्राम जुन्या संगणकावरच्या प्रोग्रामपेक्षा मागच्या आवृत्तीचा नसावा, हेही एका ओळीत सांगा. २०१९ साली आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स नव्या आवृत्तीतून आलेला ऐवज जुन्या आवृत्तीत उघडू देत नाही, आणि तेव्हा येणारा संदेश वाचून माणूस घाबरतो.

शेवटी, सुधारलेली पुस्तिका छापण्यापूर्वी जे दोघे अडकले नाहीत, त्यांना दाखवू नका. ज्यांनी अजून संगणक बदललेला नाही, अशा एखाद्याला ती द्या, त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा आणि हाताची घडी घाला. तो जेथे थांबेल, मागचे पान उलटेल किंवा आपल्याकडे पाहील, तेथे पेन्सिलीने खूण करा. बोलू नका. हे फार कठीण असते, मला तर अजूनही साधत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून क्रोम वापरतो. आमच्या गृहसंस्थेतील ज्येष्ठांसाठी मी एक पानाची टिपणी लिहिली आणि तिच्यात क्रोमचा ‘युजर डेटा’ हा फोल्डर कॉपी करण्यास सांगितले. स्वतः करून पाहिले, तेव्हा बुकमार्क आले, परंतु एकही पासवर्ड आला नाही. माझी कोणती पायरी राहिली?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पायरी राहिलेली नाही, ती वाटच तेथे संपते. विंडोजवर क्रोम पासवर्डांना जे कुलूप लावतो, त्याची किल्ली त्या संगणकावरील आपल्या विंडोज खात्याशी बांधलेली असते. फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेला, तर किल्ली मागेच राहते. एज हा ब्राउझर क्रोमच्याच पायावर उभा असल्याने त्याचेही तसेच आहे.

आपल्या टिपणीत त्यामुळे ‘काय येईल’ याच्या आधी ‘काय येणार नाही’ हे लिहावे, आणि ते अगदी वरच लिहावे. पासवर्ड नेण्याच्या दोनच सरळ वाटा आहेत. गूगल खात्याने जुन्या व नव्या दोन्ही ठिकाणी साइन-इन करून सिंक, म्हणजे खात्यामार्फत दोन्हीकडची माहिती सारखी ठेवण्याची सोय, चालू करणे, ही पहिली. दुसरी वाट म्हणजे क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून पासवर्डांची फाइल बाहेर काढून नव्या संगणकावर आत घेणे. ही दुसरी वाट लिहिताना कृपया शब्दांची काटकसर करू नका, कारण त्या फाइलमध्ये प्रत्येक संकेतस्थळाचे नाव, आपले नाव आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत, कोणालाही वाचता येईल असे असतात. काम झाले की ती फाइल डेस्कटॉपवरून, पेनड्राइव्हवरून आणि रीसायकल बिनमधूनही काढून टाकायची आहे, हे तीन वेगवेगळ्या वाक्यांत लिहा.

फायरफॉक्स वापरणाऱ्या शेजाऱ्यांसाठी हीच गोष्ट उलट बाजूने लागू पडते. तेथे कुलूप आणि किल्ली दोन्ही एकाच फोल्डरमध्ये असतात, म्हणूनच ती सहज नेता येतात. पण ‘प्रायमरी पासवर्ड’, म्हणजे साठवलेल्या सर्व पासवर्डांवरचा एक मुख्य पासवर्ड, ठेवलेला नसेल, तर तो फोल्डर असलेला पेनड्राइव्ह ज्याच्या हाती पडेल, त्याच्या हाती सर्व पासवर्डही पडतील. ज्येष्ठांच्या टिपणीत हे असायलाच हवे.

आणखी एक. नव्या संगणकावर काही संकेतस्थळे पुन्हा साइन-इन करायला सांगतील आणि मोबाइलवर ओटीपी पाठवतील. हे नेहमीचे आहे, काही बिघडलेले नाही, असे एक वाक्य आपण आधीच लिहिले, तर आपल्याला येणारे निम्मे फोन वाचतील.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त आयर्लंडमध्ये राहते आणि आई नाशिकला एकटी असते. तिचा नवा संगणक आला आहे. तिला लिहून दिलेले समजत नाही, फोनवर सांगू लागले की आम्ही दोघीही चिडतो. ती फायरफॉक्स वापरते. तिच्यासाठी सूचना कशा लिहाव्यात?
— एक वाचक

उत्तर : फोनवरची सूचना ही वाचण्याची गोष्ट राहत नाही, ती आळीपाळीने बोलण्याची होते. तेव्हा एका क्रमांकाखाली एकच कृती लिहा आणि प्रत्येक क्रमांकाच्या शेवटी आईने आपल्याला काय सांगायचे, ते लिहा : ‘वर उजवीकडच्या तीन आडव्या रेघांवर क्लिक कर. यादी उघडली की यादीतला सर्वांत खालचा शब्द मला वाचून दाखव.’ आपल्याला तो शब्द आधीच ठाऊक असल्यामुळे ती कोठे आहे, हे लगेच कळेल. ‘झाले का?’ असे विचारू नका. त्यावर सर्व आया ‘हो’ म्हणतात.

तिचा फायरफॉक्स मराठीत आहे की इंग्रजीत, हे पहिल्या मिनिटात विचारून घ्या. तो मराठीतही मिळतो, आणि आपला इंग्रजीत असेल, तर आपण उच्चारलेला एकही शब्द तिला सापडणार नाही. आकार आणि जागा यांवरून सांगणे अशा वेळी शब्दांपेक्षा बरे.

फोल्डर, पेनड्राइव्ह वगैरे तिच्या बाबतीत टाळता येईल. जुन्या संगणकावर मोझिला (फायरफॉक्स बनवणारी संस्था) खात्याने साइन-इन करून सिंक चालू करावे आणि नंतर नव्यावर तेच करावे. बुकमार्क, इतिहास, पासवर्ड व अ‍ॅड-ऑन त्यातून येतात. मात्र सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. त्या खात्याचा पासवर्ड आई विसरली आणि रिकव्हरी की (माहिती परत मिळवण्यासाठी आधीच काढून ठेवायची किल्ली) नसताना तो नव्याने ठेवला, तर सर्व्हरवर साठवलेली माहिती पुसली जाते. जुना संगणक तोवर भंगारवाल्याकडे गेला असेल, तर मग कोठूनच काही आणता येणार नाही. म्हणून खात्याचा पासवर्ड तिने तिच्या नेहमीच्या वहीत लिहून ठेवू दे, आणि जुना संगणक आपण पुढच्या वेळी नाशिकला याल, तोपर्यंत माळ्यावर राहू दे.

प्रश्न : मोझिलाची मदतपाने मराठीत आणण्यात मला हातभार लावायचा आहे. सुरुवात कोठून करू?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मोझिलाच्या मदत संकेतस्थळावर खाते उघडून कोणालाही पानात सुधारणा किंवा भाषांतर सुचवता येते, ते तपासले जाते आणि मगच प्रसिद्ध होते. सुरुवात भाषांतराने न करता वाचनाने करावी, असे मी सुचवीन. प्रोफाइलविषयीचे इंग्रजी पान समोर ठेवून त्याप्रमाणे खरोखर एकदा सारे करून पाहा. जेथे अडाल, ते वाक्य आधी इंग्रजीत सुधारायला सुचवा, नाहीतर आपण तीच अडचण शुद्ध मराठीत आणाल.

या पानांची एक खुबी ध्यानात ठेवावी. आपण ज्या यंत्रणेवरून (ऑपरेटिंग सिस्टीमवरून) पान वाचता, तिच्यापुरता मजकूर ते दाखवते : विंडोजवर विंडोजचा मार्ग, लिनक्सवर लिनक्सचा. संगणक बदलणाऱ्याकडे मात्र पुष्कळदा दोन वेगळ्या यंत्रणा असतात, आणि नव्या विंडोजवर पान उघडून तो जुन्या लिनक्समधला फोल्डर शोधत बसतो. यंत्रणा बदलून पाहण्याची सोय पानावरच असते; ती वापरा, म्हणजे भाषांतर करताना दुसऱ्या यंत्रणेचा मजकूर आपल्या नजरेतून सुटणार नाही.

मार्गही बदलत राहतात. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारात ऑक्टोबर २०२१ मधील २१.१० या आवृत्तीपासून फायरफॉक्स ‘स्नॅप’ या वेगळ्या पॅकेजच्या स्वरूपात येऊ लागला आणि त्याचा प्रोफाइल फोल्डर होम फोल्डरमधील ‘स्नॅप’ या फोल्डरखाली गेला. त्याआधी लिहिलेल्या टिपणांतला मार्ग तेथे एक तर सापडत नाही, नाही तर जुन्या, वापरात नसलेल्या फोल्डरकडे नेतो. मूळ इंग्रजी पान बदलले की मराठी पान मागे पडते, म्हणून दहा पाने भाषांतरित करून सोडून देण्यापेक्षा दोनच पाने घ्या आणि ती ताजी ठेवा. सुधारणा पाठवताना शेरा लिहिण्यासाठी जागा असते. तेथे ‘भाषा सुधारली’ असे न लिहिता, कोणत्या यंत्रणेवर व कोणत्या आवृत्तीवर प्रत्येक पायरी करून पाहिली, ते लिहावे.